पोथी मधेच ठेवली तो दिवस

आमच्या घरात सकाळी माझी पोथी सुरू झाली की सगळे हळू बोलतात. मी कधी कुणाला सांगितलं नाही, सवय पडून गेली. पहाटे टॅबलेटवर महाकालांचं दर्शन, मग पूजा, मग पोथी, आणि पोथी पूर्ण झाल्यावरच तोंडात घास. वाचायला बसले की मध्ये बोलायचं नाही. खंड पडला तर पुन्हा पहिल्या अध्यायापासून. लग्न होऊन उज्जैनला आले तेव्हा सासूबाईंनी हा नेम माझ्या ओटीत घातला आणि देवाच्या कृपेने तो चालत आला.

देवघराला लागून माझ्या सुनेची, श्रुतीची, कामाची खोली. पुण्याच्या कंपनीचं काम ती आमच्या नानाखेड्याच्या घरातून करते. तिच्या टेबलावर एक चपटी डबी आहे, तिला ती डॉक म्हणते. चार्जरची वायर डबीत येते आणि डबीतून एकच वायर लॅपटॉपला जाते. तीच त्याला चार्ज करते आणि शेजारचा मोठा पडदाही चालवते.

त्या सोमवारी दुपारी तिला नव्या ग्राहकांपुढे काम मांडायचं होतं. ते पसंत पडलं तर तिला इथूनच काम करता येणार होतं. नाहीतर कंपनी तिला पुण्याला बोलावणार, म्हणजे ती तिकडे, माझा मुलगा पराग इथल्या कॉलेजात शिकवणार, आणि आमची इशिता कधी आईकडे, कधी बापाकडे. श्रुती हे एकदाच बोलली होती, भाजी निवडताना, मान खाली घालून.

मी पोथी उघडली आणि नेहमीसारखा टॅबलेट चार्जिंगला लावला. दर्शन होईपर्यंत त्याची बॅटरी पार संपलेली असते. तेवढ्यात पलीकडून श्रुतीचा आवाज आला.

"सौमित्र, वायर लावलेली आहे, प्लगचं चिन्हही दिसतंय, पण बॅटरी खालीच चालली आहे."

सौमित्र म्हणजे तिच्या कंपनीत मशीनच्या तक्रारी बघणारा. फोन स्पीकरवर होता.

"डॉक काढून पुन्हा लावा, मॅडम."

"लावला."

"लॅपटॉप बंद करून चालू करा."

"तेही झालं रे. मोठा पडदा काढून पाहिला, दुसऱ्या बाजूला वायर लावून पाहिली."

"मग डॉकला सोडाच. त्यात येणारी चार्जरची वायर थेट लॅपटॉपला लावा."

मी वाचत होते, पण कान दारापाशी होते. देव तेवढं समजून घेतो.

"तरी उतरतेच आहे," श्रुती म्हणाली.

"चार्जर कंपनीचाच आहे ना?"

"हो, लॅपटॉपबरोबर आलेला."

आमचे हे बाहेर पेपर वाचत होते. बँकेतून रिटायर झाल्यापासून घरातली कुठलीही अडचण त्यांना आपलीच वाटते. ते उठलेच. "वायर खराब झाली असेल बेटा. मी टॉवर चौकातून फटाफट नवीन आणतो." आणि स्कूटर घेऊन गेलेही.

परत आले तेव्हा मी पोथीच्या मध्यापर्यंतही पोचले नव्हते. "घे. दुकानदार बोलला, साहब, इससे तो ट्रक चार्ज हो जाए."

"बाबा, ट्रक नको, लॅपटॉप झाला तरी पुरे," श्रुती हसली खरी, पण ते हसणं पुढे गेलं नाही. टेबलामागे हात घालून तिने जुनी वायर चार्जरमधून उपटली, नवी खोचली. बॅटरी उतरतच राहिली.

सौमित्र म्हणाला, "मॅडम, मग लॅपटॉपच्या आतच बिघाड दिसतो. पुण्याला पाठवावा लागेल."

"आणि आजची मीटिंग?"

"पुढे ढकलता येते का पाहा."

"ते लोक पुढे ढकलणार नाहीत, सौमित्र." तिचा आवाज इतका हळू झाला की मला माझीच ओळ मोठी वाटली.

मी देवाकडे पाहिलं. खाली पाटाशेजारी टॅबलेट होता. त्याची बॅटरी पूर्ण भरली होती.

माझा पोथीशी एक हिशेब बसलेला आहे. शेवटचा अध्याय होतो तेव्हा टॅबलेट अर्धाच भरलेला असतो. वर्षानुवर्षं तसंच. शनिवारी देवघराला आणि श्रुतीच्या खोलीला रंग दिल्यापासून मात्र तो लवकर भरत होता आणि मी म्हणत होते, चला, बरं झालं. आज तर पोथी मध्यावरही आली नव्हती. इकडे एवढं जास्त येतंय, तिकडे एवढं कमी पडतंय. आणि रंग झाल्यावर सगळ्या वायरी पुन्हा कुणी लावल्या होत्या?

वाचन संपायला अजून बराच वेळ होता. तोवर लॅपटॉप विझला असता. सासूबाई आठवल्या. मग इशिता आठवली. मी तुळशीचं पान पोथीत ठेवलं, हात जोडले आणि म्हणाले, "श्रुती, जरा इकडे ये."

ती धावत आली. "आई, तुम्ही बोललात?"

"बोलले. देवघराच्या कपाटाखाली टॅबलेटचा चार्जर आहे, तो काढून बघ. रंग दिल्यापासून टॅबलेट फार लवकर भरतो."

तिने कपाटाखालच्या बोर्डातून चार्जर ओढला. काळा, जड. त्यावरची बारीक अक्षरं खिडकीशी नेऊन वाचली आणि माझ्याकडे बघतच राहिली.

"आई, हा माझा आहे. पासष्ट वॅटचा."

टेबलामागून दुसरा निघाला. लहानसा, टॅबलेटचा. त्याची वायर यांनी लाल नाड्याने टेबलाच्या पायाला बांधली होती, लोंबकळू नये म्हणून. नुसतं तोंड वर दिसायचं, म्हणून एवढ्या धांदलीत चार्जर कुणी पाहिलाच नव्हता.

हे दारात उभे होते. "मीच लावले. अरे, पिन तर सगळ्यांची एकच आहे. मी म्हटलं, जिकडे बसेल तिकडे बसेल."

"आणि मला ट्रकची वायर आणून दिलीत," श्रुती म्हणाली, आणि आता मात्र ती मनापासून हसली. जड चार्जर जागेवर गेला. मग तिकडून तिचा आवाज आला, "चढतेय, आई."

मी पोथी पुन्हा पहिल्या अध्यायापासून उघडली. यांना म्हटलं, "तुम्ही जेवून घ्या, मला उशीर होईल."

"नाही. माझ्यामुळे मोडलं, मी पण थांबतो," म्हणून हे भिंतीला टेकून बसले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी पूर्ण पोथी ऐकली. मध्ये पोटातून आवाज आला की माझ्याकडे चोरून बघायचे.

पलीकडे श्रुती इंग्रजीत बोलत होती, स्वच्छ आणि न अडखळता. तिचं काम आणि माझी पोथी साधारण बरोबरच संपली. ती येऊन खाली बसली. देवाला नमस्कार केला, मग मला केला.

"पसंत पडलं. इथूनच करायचं म्हणाले."

मी प्रसादाची वाटी तिच्या हातात दिली.

"तुमचा नेम मोडला माझ्यापायी," ती म्हणाली.

"मोडला कुठे? आज दीड वेळा झाला."

"दीड झाला तर झाला," हे भिंतीपासून म्हणाले, "आता कुणी ताटं वाढा रे. इशिता शाळेतून आली तर विचारेल, आजोबांना कुणी उपाशी ठेवलं?"

श्रुती ताटं घ्यायला उठली. मी टॅबलेटचा लहान चार्जर कपाटाखालच्या बोर्डात लावून ठेवला. दुसऱ्या दिवशी पोथी संपली तेव्हा टॅबलेट पुन्हा अर्धाच भरलेला होता.