खंडेनवमीनंतरची कॉर्ड

हिरवा. परत हिरवाच. गिटारच्या माथ्यावर चिमट्याने बसवलेला तो आगपेटीएवढा, सूर जुळला की हिरवा दिवा लावणारा ट्यूनर — लेकीने, यशश्रीने, मागल्या वर्षी बंगळुरूहून पाठवलेला — प्रत्येक तारेला निमूट होकार देत होता. सहावी हिरवी, पाचवी हिरवी... पार पहिल्या बारीक तारेपर्यंत सगळं आलबेल. चिंतामणरावांनी श्वास रोखला, डाव्या हाताची तीन बोटं डी कॉर्डवर ठेवली, अंगठा अलगद तारांवरून खाली आणला, आणि — हे, हेच ते! कुठेतरी आत, अगदी केसाएवढं, काहीतरी वळवळलं. बेसूर म्हणावं तर नाही, सुरात म्हणावं तर तसंही नाही. वरणात मीठ कमी पडलंय की आपल्याच तोंडाची चव गेलीय, हे पहिल्या घासाला कळत नाही, तसलं काहीतरी.

म्हणजे यंत्र म्हणतं ठीक आहे, कान म्हणतो नाही. दोघांतला एक खोटं बोलतोय, आणि वयाच्या एकसष्टाव्या वर्षी कोणावर संशय घ्यायचा हे काय कोणी सांगायला हवं?

बरं, माणूस आळशीही नव्हता. तीस वर्षं पाटबंधारे खात्यात आरेखक म्हणून नकाशे काढलेले, चूक शोधायची ती एकेक गोष्ट बाजूला सारत, ही हाताला लागलेली शिस्त. खंडेनवमीला नव्या तारा चढवल्या आणि त्याच संध्याकाळी ही वळवळ पहिल्यांदा ऐकू आली. तेव्हा त्यांनी स्वतःची समजूत घातली, नव्या तारा ताणतात, आठवडाभर हट्ट करतात, करू देत. आठवडा गेला. मग हवा बदलली म्हणून. मग बोटं जास्त दाबतायत म्हणून. मग दुसरी तारच सदोष निघाली असेल म्हणून ती एकटी बदलली, माथ्याजवळच्या खाचेत पेन्सिलीचं शिसं घासून पाहिलं... जाड तार जराशी खरखरत होती तिलाही नवेपणाच्या खाती टाकलं. दिवाळी झाली, फराळाचे डबे रिकामे झाले, नोव्हेंबर अर्धा सरला. सहा आठवडे. एकेक गोष्ट बाजूला सारत सारत आता फक्त एकच उरली होती, आणि ती गिटारच्या अंगावर नव्हती, त्यांच्या डोक्याच्या दोन बाजूंना होती.

समोर कोचावर उत्तरा मेथी निवडत बसली होती. आत कुकर लावलेला. कुकर लावून बाहेर येऊन बसायचं, आणि अधूनमधून “किती झाल्या हो?” म्हणून विचारायचं, ही तिची अलीकडची सवय, कारण अलीकडे यांना बरोबर ठाऊक असायचं. दोन झाल्या, तिसरी आता येईल. एकदा तर “अडीच” म्हणाले होते, अर्धवट फुसफुसली होती एक. ती केवढी हसली! तिला काय माहीत, हा माणूस सहा आठवडे घरातला एकेक आवाज मोजतोय ते. शिट्ट्या, खालच्या दीपमालाबाईंच्या गेटची कडी, देवळालीकडून येणाऱ्या गाडीचा भोंगा, उत्तराच्या बांगड्या. सकाळी जाग आली की डोळे मिटूनच हजेरी घ्यायची — नळ? आला. कबुतर? आलं. पंखा? आहे... एखादा आवाज हजर झाला नाही की काळीज लक्कन हलायचं. मग कळायचं, आज पाणीच आलेलं नाही.

आणि तिला विचारायचं? सरळ म्हणायचं, अगं ऐक जरा, ही कॉर्ड तुला कशी वाटते? नाही. कारण ती म्हणाली असती, “छान तर वाजतेय,” आणि मग संपलंच, दोष कानांचाच ठरला. त्या एका वाक्याच्या धाकाने ते सहा आठवडे तिच्या वाटेला गेले नव्हते.

बाबांना असंच एक वाक्य पुरलं होतं. आणि ते मी बोललो होतो.

बाबा रामकुंडावर भिक्षुकी करायचे. आवाज असा की यजमान कुठल्या कुठून आलेले असोत, डोळे मिटून ऐकत राहायचे. साठी आली आणि कान मंदावले, आणि त्यांचं त्यांनाच कळेना; मंत्र म्हणता म्हणता सूर खाली सरकायचा, दोरी सुटलेल्या पोहऱ्यासारखा, आणि ते आपले त्याच तन्मयतेने म्हणत राहायचे. चिंतामण तेव्हा अठ्ठावीसचा, नुकता सरकारी नोकरीत लागलेला, देवळाली कॅम्पातून बदली होऊन निघालेल्या एका सुभेदाराकडून ही गिटार घेतलेला, सुराचं नवं वारं अंगात शिरलेलं. पाच-सहा यजमान बसलेले आणि हा म्हणाला, “बाबा, सूर सोडलात तुम्ही.” मोठ्याने म्हणाला, कारण हळू बोललेलं त्यांना ऐकू गेलं नसतं. बाबांनी मान वर करून पाहिलं. रागावले नाहीत. रागावले असते तर किती बरं झालं असतं! उरलेला विधी त्यांनी पुटपुटत उरकला आणि पुढची नऊ वर्षं, जाईपर्यंत, घरात त्यांचा मंत्र कोणी ऐकला नाही. ओठ हलायचे फक्त.

आता पाळी माझी... त्यांनी मान झटकली. साडेबाराची वेळ घेतलेली होती, कॉलेज रोडला, कानाच्या डॉक्टरांकडे. घरी सांगितलं होतं की बँकेत जातोय, हयातीचा दाखला द्यायला. नोव्हेंबर असल्यामुळे थाप पचून गेली. जिवंत आहे हे सिद्ध करायला निघालेला माणूस, आणि चालला होता कुठे, तर आपलं काय काय मेलंय ते मोजून घ्यायला! या विनोदावर त्यांना एकट्यालाच हसू आलं, आणि ते फार टिकलं नाही.

निघायला तास होता. शेवटचं म्हणून त्यांनी पुन्हा डी धरली, पण सगळी एकदम छेडली नाही. एकेक. चौथी तार मोकळी. ठीक. तिसरी, दुसऱ्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या दुसऱ्या घरात, दाबलेली. ठीक... बहुधा. दुसरी, तिसऱ्या फ्रेटवर. आता ही दुसरी आणि ती चौथी, दोघींचा सूर एकच, फक्त एक वरच्या मजल्यावरचा आणि एक खालच्या. दोघी जोडीने वाजल्या की एकच आवाज वाटायला हवा. त्यांनी फक्त त्या दोनच छेडल्या. वळवळ! इथेच होती. वॉव-वॉव-वॉव करत विरत गेली. त्यांनी बोट उचललं, दुसरी मोकळी छेडली, ट्यूनर हिरवा. आणि मग — इतक्या दिवसांत हे कसं सुचलं नाही? — त्यांना दिसलं की सहा आठवडे ट्यूनरला आपण फक्त मोकळ्या तारा ऐकवतोय. न दाबलेल्या. कॉर्ड तर तारा दाबल्यावर वाजते.

बारावा फ्रेट म्हणजे तारेची बरोबर मधली जागा. तिथे दाबली की तोच सूर चढ्या सप्तकात यायला हवा, तंतोतंत. त्यांनी दुसरी तार बाराव्यावर दाबली, हलकी, फुलाला लावावं तसं बोट लावून, आणि छेडली.

लाल.

सुई सरळ उजवीकडे, चढी. पुन्हा छेडली. लाल. आणखी हलकं दाबून पाहिलं. लाल! पाचवी तार घेतली, तीही लाल, फक्त सुई डावीकडे, उतरलेली. यंत्राला कान नसतात, साठी नसते, बाप नसतो. यंत्र म्हणतंय की खोट आहे, गिटारमध्ये आहे. ते वळवळणारं केसाएवढं खरंच तिथे होतं आणि मला ते ऐकू येत होतं. मला! पहिल्या दिवसापासून! डोळ्यांत पाणी आलं तेव्हा त्यांनी चष्मा पुसायचं निमित्त केलं. उत्तराने मेथीतून मान वर केली आणि लगेच खाली घातली.

आरेखकाला आता धीर कुठला? त्यांनी सहाही खुंट्या पिळून तारा सैल केल्या, इतक्या की त्या लोंबायला लागल्या. खालच्या घोडीत बसवलेली, जिच्यावर तारा टेकतात ती हाडाची पांढरी पट्टी, करंगळीएवढीही नसेल, नखाने उचलली तर अलगद हातात आली. ही पट्टी त्यांनी स्वतः घासलेली होती, पंचवीसेक वर्षांपूर्वी; दुसऱ्या तारेखाली किंचित मागे खाच, बारीक तारांकडे उंची कमी, जाड तारांकडे जास्त. आणि सरकारी सवयीने पट्टीच्या खालच्या अंगाला पेन्सिलीचा एक बाण काढून ठेवलेला, जाड तारांकडे तोंड करून. तो बाण अजून होता. बारीक तारांकडे तोंड करून.

पट्टी उलटी बसली होती; दुसरीची खाच पाचवीखाली, बुटकी बाजू जाड तारांखाली.

जाड तार खरखरत होती ती उगाच नाही. पण उलटी झाली कशी? जुन्या तारा तर आदल्या रात्री आपणच उतरवल्या, दरवर्षीसारख्या. खंडेनवमीला हत्यारांची पूजा, तर यांचं हत्यार म्हणजे पट्टी-गुण्या-कंपास आणि ही गिटार. पूजा झाली की नव्या तारा, असा घरचा रिवाज. सकाळी ते झेंडू आणायला बाजारात गेले होते. परत आले तेव्हा पाटावर सगळं मांडून तयार होतं, गिटार लख्ख पुसलेली...

“त्या दिवशी पुसताना पडली होती ती पट्टी,” उत्तरा म्हणाली.

तिने मेथीची जुडी खाली ठेवली होती. टप्पकन फरशीवर काहीतरी पडलं, आधी वाटलं तुटलंच, मग खाच दिसली तशी बसवून दिली, दोन्हीकडून सारखीच तर दिसते — हे सगळं तिने खालमानेने सांगितलं. बोलली का नाही? तर लग्नानंतर वर्षभरात एकदा ही गिटार तिने नुसती कोपऱ्यातून उचलून दुसऱ्या कोपऱ्यात ठेवली होती, तेव्हा हे जे काही बोलले होते ते तिला शब्दाला शब्द पाठ होतं. चिंतामणरावांना त्यातला एकही शब्द आठवेना. आठवेना, पण असणार, आपलाच तो स्वभाव. तीस वर्षांत तिने तारेला बोट लावलं नव्हतं, आणि लावलं ते पूजेसाठी, तर हे असं.

“मग रोज तुम्ही वाजवायला लागलात की मान वर करायचा धीर व्हायचा नाही,” ती म्हणाली. “मलासुद्धा ऐकू येत होतं. काहीतरी चुकतंय ते. मला वाटलं, तुम्हाला कळत नाहीये, आणि सांगू कशी...”

मलासुद्धा. म्हणजे एकाच खोलीत, कोच आणि खुर्ची यांच्यात चार हात अंतर, आणि सहा आठवडे दोघं तीच एक वळवळ ऐकत होते, आपापल्या गुन्ह्यासारखी! आणि हिला वाटलं, मला कळत नाही, आणि ही गप्प राहिली. यजमानांपुढे मोठ्याने सांगितलं नाही. उद्या खरंच कळेनासं झालं — होईल, बाबांचे कान खरेच गेले होते, ते काही कुठल्या पट्टीचं कारस्थान नव्हतं — तरीही ही अशीच मेथी निवडत गप्प बसेल? की सांगेल? काय बरं राहील? बाबांना काय बरं वाटलं असतं... शेजारी बसून, हात हातात घेऊन कोणी सांगितलं असतं तर?

“पुढच्या वेळी सांग,” ते म्हणाले. “मला कळत नाहीये असं वाटलं ना, की सांग. पण जवळ येऊन सांग.”

तिला नीटसं समजलं नसावं, तरी ती उठून जवळ आली. मग त्यांनी पट्टी तिच्याच हातात दिली, बाण दाखवला, आणि तिने ती जीभ चावून, सुईत दोरा ओवावा तशी, सुलट बसवली. तारा पुन्हा ताणल्या, हिरव्या केल्या. बारावा फ्रेट. हिरवा. ट्यूनर काढून त्यांनी टीपॉयवर ठेवला आणि डी छेडली.

काही नाही. काहीही वळवळलं नाही; खोली नुसती भरून आली आणि सावकाश रिकामी झाली. त्यांनी पुन्हा छेडली, मग पुन्हा. उत्तरा खुर्चीच्या हातावर टेकली होती, तिची बांगडी गिटारच्या अंगाला लागून किणकिणत होती आणि आज ते नको म्हणाले नाहीत. खांद्यांवरून काहीतरी उतरत गेलं. बँकेचं हिला सांगायला हवं, साडेबाराचं सांगायला हवं, जायचं की नाही ते तरी... सांगू. आत्ताच सांगू. “अगं,” त्यांनी सुरुवात केली.

“अग्गोबाई,” ती उठलीच, “कुकर! किती झाल्या हो?”

त्यांनी तोंड उघडलं, उत्तर नेहमीसारखं तयार असेल म्हणून, आणि ते तिथे नव्हतं. दोन? चार? झाल्या असणार की, डाळीचा वास पार बाहेरपर्यंत येतोय...

“माहीत नाही,” ते म्हणाले, आणि त्यांना हसूच फुटलं. “अगं, मी मोजल्याच नाहीत.”