एक वीत पातं

गुणाबाई ऊस तोडता तोडता थांबली आन पाचटावरच बसली. हातातला कोयता उसना होता, लई बोथट. तिचा सोताचा कोयता महिनाभर चाकूरच्या ठाण्यात कपाटात पडला होता, आन हे सगळं केलं बांधाशेजारच्या मल्लेशनं. त्याचं नाव निघालं तरी तिच्या अंगाचा भडका व्हायचा.

झालं असं की तिचा नवरा शेषेराव कोयत्याला धार लावायला बाजाराला निघाला. कोयता उघडाच, कमरेला खोसलेला. आदल्या दिवशी बांधावरून मल्लेशशी तोंडातोंडी झालेली. मल्लेशनं लगेच फोन लावला, की शेषेराव मला तोडायला हुडकायलाय. पोलिसांनी गरीब माणसाला भर बाजारातून दंडाला धरून नेलं. रातच्याला त्याला सोडलं, कोयता मातर ठाण्यातच ठिवून घेतला. वरून मल्लेश म्हणला, "वैनी, कायदा सगळ्यांला सारखा हाय."

गुणाबाईनं ते ध्यानात ठेवलं. ठाण्यात जमादारालाच इचारलं, "साहेब, घरात कोयता ठिवणं गुन्हा हाय का?"

"न्हाई मावशी. पातं नऊ इंचाहून लांब न्हाईतर दोन इंचाहून रुंद असलं की ते हत्यार. शेतकामाचं अवजार चालतंय, पण कामापुरतं. बाजारात न्यायचं तर पोत्यात गुंडाळून न्यावं. उघडं मिरवलं की आमी इचारणारच. कोर्टाचा कागद आला की कोयता घेऊन जावा."

नऊ इंच म्हंजी एक वीत. तवापासून ती दिसंल त्या पात्याला मनातल्या मनात वीत लावू लागली.

मग मल्लेशचा पन्नासावा वाढदिवस आला. फेटा बांधून, पारासमोर, पठ्ठ्यानं तलवारीनं केक कापला. गुणाबाई पुढं होऊन टाळ्या वाजवत होती. चार विती तरी भरंल, तिनं मोजलं.

"भाऊ, लई रुबाबदार दिसलाव. त्यो व्हिडिओ धाडा की, माहेरी दावते."

मल्लेश फुगला. मागं गाणं टाकून सोताच्या हातानं व्हिडिओ धाडला.

सकाळच्या पहिल्या यष्टीनं गुणाबाई चाकूरला. दुपारपर्यंत तलवारीसकट मल्लेश ठाण्यात, शेषेराव बसला होता त्याच बाकड्यावर.

"साहेब, हौसंनं कापला वो केक," मल्लेश रडकुंडीला आलता.

"आन केकाचं रान कुठं हाय तुमचं, भाऊ?" गुणाबाई म्हणली. लई दिसांनी तिला गार वाटलं.

जमादारानं हसू दाबलं. तलवारीला चिठ्ठी बांधून कपाटात ठेवली आन त्याच कपाटातून कोयता काढला. "मावशी, कागद आलाय तुमचा. अंगठा करा आन न्या."

"सही करते मी," गुणाबाई म्हणली. सही केली. काखेतलं पोतं काढून मल्लेशच्या पुढ्यातच फरशीवर अंथरलं, कोयता त्यात सावकाश गुंडाळला, सुतळीनं दोन येढे दिले.

"बघून ठिवा भाऊ," ती म्हणली, "असं न्यावं लागतंय."

आन यष्टी गाठायला निघाली.