आतून तर उघडणारच

गोरक्षभाऊंनी ते माझ्या भल्यासाठीच केलं, यात मला शंका नाही. पिंपळगाव बसवंतला त्यांचं द्राक्षं निर्यात करायचं पॅकहाउस होतं. परदेशातल्या गिऱ्हाइकांच्या इंग्रजी मेल वाचायच्या आणि त्यांना उत्तरं लिहायची, हे माझं काम. वाचनालयातून निवृत्त झाल्यावर मी रोज नाशिकहून एसटीनं तिथं जायचो.

"काका, या वयात कशाला रोज हेलपाटे घालता?" भाऊ एक दिवस म्हणाले. "घरूनच करा ना. मनोज सगळं जोडून देईल. आठवडाभर बघा. नाय जमलं तर या परत. जमलं तर तुमचं टेबल पॅकिंगला घेतो, सीझनला जागा लय कमी पडते."

मला यायला आवडतं, असं सांगायचं होतं. तेवढ्यात भाऊंचा फोन वाजला. तो वाजला नसता तरी मी बोललो असतो, असं नाही.

माझं टेबल पॅकिंगच्या हॉलमध्येच एका कोपऱ्यात होतं. समोर बायका कात्रीनं घड साफ करून पेट्यांत भरायच्या. त्यांतल्या मालनबाई मला चहा आणून द्यायच्या आणि टोमणाही. "काका, तुमची ती गोरी माणसं जेवतात का नाय? सारखी लिहीतच ऱ्हातात." यावर काय बोलावं ते मला परतीच्या एसटीत सुचायचं.

सोमवारपासून मी घरी बसलो. मनोज हा भाऊंचा कॉम्प्युटरवाला. आदल्या वर्षी व्हायरस आल्यावर त्यानं ऑफिसच्या सर्व्हरला फायरवॉल बसवली होती, म्हणजे बाहेरचं कोणी आत येऊ नये अशी व्यवस्था. आता तिच्यातून मला एकट्याला आत घ्यायचं होतं.

त्यानं दिलेला आकड्यांचा पत्ता टाकला की पान उघडे, नाव आणि पासवर्ड विचारी. तो टाकला की पडद्यावर यायचं, पान सापडत नाही. माझ्याच बोटांची चूक असणार, असं धरून मी दोन दिवस कोणाला सांगितलंच नाही. पासवर्ड एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत टाकून पाहिला. बुधवारी मनोजनंच फोन केला.

"जमलं का, काका?"

"नाही. माझंच काहीतरी चुकतंय."

"इथं तर मस्त चालतंय. आत्ता माझ्यासमोर उघडलंय. बरं, पासवर्ड टाकल्यावर वरच्या पट्टीत पत्ता काय दिसतो? जसाच्या तसा सांगा."

माझ्या घरी फोन आणि इंटरनेट एकाच तारेवर चालायचं. एक चालू असलं की दुसरं बंद. म्हणून फोन ठेवून मी नेट लावलं, पासवर्ड टाकला आणि वरची पट्टी कागदावर उतरवून घेतली. आकडे गेले होते. त्यांच्या जागी नुसतं एक नाव होतं. ऑफिसातल्या सर्व्हरवर चिकटवलेल्या पट्टीवर तेच नाव होतं, ऑफिसच्या उघड्या दारातून माझ्या टेबलावरून ते रोज दिसायचं.

नेट बंद केलं. फोन लगेच उचलला नाही. पान सापडत नाही एवढंच सांगितलं, तर सोमवारी मी एसटीत असणार होतो. पण कागदावर जे उतरवलं ते मनोजनं विचारलं होतं. मी फोन लावला आणि वाचून दाखवलं.

"अरेच्चा!" मनोज म्हणाला. "पासवर्ड घेतल्यावर सर्व्हर तुम्हाला आतल्या नावावर पाठवतोय. ते नाव फक्त ऑफिसातल्या कॉम्प्युटरांना माहीत. बाहेर कोण ओळखणार? मी आतूनच तपासत बसलो. अर्ध्या तासानं बघा."

अर्ध्या तासानं उघडलं. वर मनोजचीच मेल होती, "टेस्ट". नेट बंद करून मी त्याला कळवलं.

"सुटलो!" तो म्हणाला आणि हॉलकडे तोंड करून ओरडला, "भाऊ, काकांचं झालं! टेबल घ्या!"

फरशीवरून टेबल ओढल्याचा आवाज आला. त्याचा एक पाय आखूड होता, तो अडखळत गेलेला मला ऐकू आला.

"मनोज," मी म्हणालो, "मधूनमधून तिथं येऊन बघायला हवं ना? म्हणजे, आतूनही उघडतंय का ते?"

तो हसला. "काका, आतून तर उघडणारच. त्यात काय बघायचं?"

मागून मालनबाईंचा आवाज आला, "काका हायेत का? इचार, त्यांचा कप इथंच ऱ्हायलाय, काय करू?"

"वापरा म्हणावं," मी म्हणालो. मनोजनं फोन ठेवला होता की नाही, कळलं नाही.

दुपारी हॉलंडच्या गिऱ्हाइकाला उत्तर लिहिलं. काम चोख झालं, असं भाऊंनी मेलनं कळवलं. आता एक मेल लिहून झाली की मी नेट बंद करतो आणि थोडा वेळ फोनजवळ बसतो. नेट चालू असलं की फोन लागत नाही. कोणी लावत असलं तर.