उष्टी साल

मी भवानी पेठेतला पिंपळ बोलतोय. माझ्या पारावर बसून तुम्ही चकाट्या पिटता तेव्हा मी मुकाट ऐकतो. आज जरा माझं ऐका.

माणसांना वाटतं, माझ्यातला देव दुखणं बरं करतो. देवाचं देव जाणे. मला ठाऊक आहे तो सालीतला तुरट रस. कीड लागू नये म्हणून मीच तो मुरवतो. साल उकळली की तो पाण्यात उतरतो आणि त्यानं धुतलेली वाहती जखम आकसून कोरडी होते.

गेल्या, म्हणजे सत्तावीस सालच्या, उन्हाळ्यात गिरणीकामगार ईरप्पाच्या पायाची जखम चिघळली. कमलाकर वैद्यांनी त्याच्या बायकोला, चंद्रव्वाला, हा काढा सांगितला. शनिवारखेरीज मला कुणी शिवत नाही, म्हणून ती शनिवारी आली आणि हात जोडून तळहाताएवढी साल घेऊन गेली. थोड्याच दिवसांत ईरप्पा कामावर गेला.

झालं! पेठेतल्या बायका विळे घेऊन हजर. पण दुसरीनं कापलेल्या जागेची साल म्हणजे उष्टी, आणि देवाचं औषध उष्टं कसं चालेल? प्रत्येकीनं शेजारची कोरी जागा धरली. पानांनी शिजवलेलं अन्न सालीतूनच मुळांकडे उतरतं. माझ्याभोवती सोललेलं कडं पुरं झालं की मुळं उपाशी मरणार, हे त्यांच्या गावीही नव्हतं. सालीची वीतभर पट्टी उरली तेव्हा मी पुरता घाबरलो.

नेमका ईरप्पाचा पाय पुन्हा चिघळला. चंद्रव्वा विळा घेऊन त्या पट्टीपुढे उभी राहिली, मागे आणखी चारचौघी. पारावर बसलेल्या वैद्यांनी तिला अडवलं. एवढी काढलीस तर झाड वाळेल, म्हणाले. बाभळीच्या सालीतही असाच तुरट रस असतो, ती उकळ.

"बाभळीत देव कुटं हाय?"

"गुण रसाचा आहे, चंद्रव्वा."

एकीकडे नवऱ्याचा पाय, एकीकडे मी. मला तिचा राग येईना. शेवटी तिनं विळा कमरेला खोचला, पट्टीला पाठ लावून बसली आणि बायकांना म्हणाली, "ह्यो मेला तर फेऱ्या कुणाला घालायच्या?"

ईरप्पाची जखम बाभळीनं भरतेय, पण सावकाश. तो अजून लंगडतो. माझ्याही अर्ध्या फांद्या वाळल्या आहेत. पट्टीच्या कडांनी कोवळी साल धरू लागली आहे खरी, पण ती पुरी भरेल की नाही, कोण जाणे.

दर शनिवारी चंद्रव्वा मला पाणी घालते, सोललेल्या जागेवर हात ठेवते आणि विचारते, "दुकतंय का रं?"

तिला माझं बोलणं ऐकू जात नाही. तुम्ही सांगा तिला, कमी झालंय म्हणावं.