द-र-ब

दोन हजार एकशे चार! रनीमच्या कमेंटला एका दिवसात दोन हजार एकशे चार लाइक पडले होते, आणि ती इरबिद शहरातल्या चढावरून जवळजवळ नाचतच शहदच्या घरी निघाली होती. शहद आज शाळेत आली नव्हती. म्हणजे एवढी मोठी बातमी तिला अजून कळलीच नव्हती!

कमेंट होती शहराच्या बातमीपानावरच्या एका मथळ्याखाली. वर्गात काठीने मारहाण, मारणारा शिक्षक, असं तिने वाचलं होतं. 'हट्टी हरिणी' या टोपणनावाने रनीमने क्षणात ठोकून दिलं होतं: "काठी मेंढपाळाच्या हातात शोभते. गुरुजी, वाट चुकून वर्गात आलात का? मेंढरं बाहेर खोळंबलीत!" मग काय, खाली नुसता हहहहहचा पूर. त्यानंतर शिव्या. त्यानंतर "नोकरीवरून हाकला याला." आतली बातमी उघडून वाचायला वेळ कुणाला होता? रनीमलाही नव्हता.

दार शहदने उघडलं. डोळे सुजलेले.

"काय गं, ताप आलाय?"

"आत ये."

दिवाणावर शहदचे वडील बसले होते, अबू यझन. डावा गाल वांग्यासारखा काळानिळा, हात गळ्यात बांधलेला.

"अम्मो, हे काय झालं?" तिने काकांना विचारलं.

"परवा एका नापास मुलाचे तीन चुलते यांच्या वर्गात घुसले," शहदची आई चहाचा पेला रनीमच्या हातात देत म्हणाली. "काठ्या घेऊन. पोरांच्या देखत! आणि वर लोक काय लिहितायत ते बघ."

"यम्मा, पुरे," शहद म्हणाली. पण तिनेच फोन उचलला. "सगळ्यात वरची ऐक, रनीम. काठी मेंढपाळाच्या हातात शोभते..."

रनीमने चहाचा पेला खाली ठेवला.

"पण... मथळ्यात तर शिक्षकाने मारलं असंच..."

"द-र-ब," अबू यझन म्हणाले. गाल दुखत असल्यामुळे अक्षरं एकेक करून येत होती. "दरबा वाचलंस तर मारलं. दुरिबा वाचलंस तर मार खाल्ला. आपल्या अरबीत स्वरांची चिन्हं छापतंय कोण? लिहिताना दोन्ही सारखंच. ज्याच्या मनात जे असतं, ते तो वाचतो."

हे तिला कुणी शिकवलं होतं? यांनीच! दोन उन्हाळे, याच घराच्या गच्चीत, कलिंगडाच्या फोडी खात. व्याकरणात वर्गात पहिली येते म्हणून रनीम गावभर मिरवत होती, ती यांच्या जिवावर.

"ही हरिणी मात्र शिकलेली आहे हं," ते पुढे म्हणाले. "एवढ्या लोकांत हिनेच हम्झाचं चिन्ह जागच्या जागी दिलंय. कुणाची तरी चांगली विद्यार्थिनी असणार."

त्यांनी शिवी घातली असती तर बरं झालं असतं.

"मी तक्रार करतेय तिची," शहद म्हणाली. "तूपण कर. काढ फोन."

रनीमने फोन काढला. एक बोट दाबलं की कमेंट गायब. कुणाला कळणारही नव्हतं. खरंच कुणालाच नाही! बोट तिथवर गेलंही.

"अम्मो," ती म्हणाली, "ती मी आहे."

"कोण ती?" शहदच्या आईला उमगेना.

शहदला उमगलं. "हसत हसत लिहिलंस ना?" तिने विचारलं. "खरं सांग."

"हो."

अबू यझन चांगल्या हाताने टेकू घेत उठले, आतल्या खोलीत गेले, दार लोटून घेतलं.

"आता जा," शहद म्हणाली.

रनीम जिन्यात आली आणि तिथेच पायरीवर बसली. कमेंट पुसून टाकली तर लोकांच्या डोक्यात चुकीचंच राहणार होतं. म्हणून तिने ती बदलली: "दुरिबा वाचा. शिक्षकांना मारलंय. त्यांनी कुणावर हात उचललेला नाही. मी न वाचता लिहिलं. रनीम गालेब." खरं नाव घातलं होतं. संध्याकाळपर्यंत बाबांना कळणार होतं, शाळेतही.

पण खाली तीनशे सेहेचाळीस उत्तरं होती, शिव्यांनी भरलेली. ती कशी बदलणार? ती एकेकाला लिहीत सुटली. बातमी उघडा. मार त्यांनी खाल्लाय. एकाने लिहिलं, "हहहह, मेंढपाळाने पैसे चारले वाटतं!" दुसऱ्याने विचारलं, "तू कोण गं, त्याची पोरगी?"

"नाही," तिने लिहिलं. "पोरगी असते तर आधी वाचलं असतं."

दार वाजलं. शहद कचऱ्याची पिशवी घेऊन तिला ओलांडून खाली गेली. परत आली तेव्हा क्षणभर थांबली.

"बातमी वाचल्याचं अठ्ठावीस जणांनी कळवलंय," रनीम मान वर न करता म्हणाली.

"दोन हजारांपैकी," शहद म्हणाली आणि वर गेली.

रनीमने एकोणतिसाव्याला लिहायला घेतलं.