शेजाऱ्याकडून ऐकलेली वाट

एका घरचे दोन जावई एकाच कंपनीत लागले, यात सासऱ्याचा दोष नाही. पण दोघांनाही नेटवर्कच्याच कामावर घेतलं, हा कंपनीचा. थोरले मुख्य कार्यालयात, धाकटे कारखान्यात. बायका सख्ख्या बहिणी, रोज तासभर फोनवर. नवऱ्यांचा आपसातला व्यवहार मात्र लेखी, तोही पोच घेऊन.

आता दोन्हीकडचं काम एकत्र होणार होतं. माणसं दोन, खुर्ची एक. थोरल्यांच्या निवृत्तीला तीन वर्षं होती आणि या वयात आपल्याला दुसरीकडे दारात कोणी उभं करणार नाही, हे ते जाणून होते. म्हणून तर ते जास्तच ताठ बसत.

दोघांच्या वरिष्ठ असलेल्या मॅडमनी निवाडा सोपा ठेवला होता. "शीतगृहाची केबल मी समोर काढायला लावणार. तिथे लस आहे. तापमानाचे निरोप एका मिनिटात पर्यायी लाइनने इथे नीट सुरू व्हायला हवेत. नाही झाले, तर ज्याच्यामुळे नाही झाले तो जाईल."

दोन्हीकडच्या राउटरांत, म्हणजे निरोपांची वाट ठरवणाऱ्या यंत्रांत, एक छोटा प्रोग्रॅम अखंड चालू असतो. त्याला डीमन म्हणतात. दर तीस सेकंदांनी तो शेजारच्या राउटरला आपला तक्ता पाठवतो: अमुक ठिकाण मला माहीत आहे, इतक्या टप्प्यांवर. शेजारी त्यात एक मिळवून आपल्या तक्त्यात लिहितो. स्वतः जाऊन कोणी पाहून येत नाही. सगळा कारभार ऐकीव, आणि तरी चालतो, कारण एक नियम आहे: जे ज्याच्याकडून कळलं, ते त्यालाच परत सांगायचं नाही. शीतगृह कारखान्यापासून एका टप्प्यावर, म्हणून मुख्य कार्यालयापासून दोन. तापमान मुख्य कार्यालयातून विचारलं जाई; प्रश्न शीतगृहापर्यंत पोचला तरच निरोप येई. कारखान्यातूनच शीतगृहाकडे जाणारी पर्यायी लाइन संथ होती. एरवी तिकडे कोणी फिरकू नये म्हणून तिच्या नावावर मुद्दाम बारा टप्पे लावलेले होते.

अकरा वाजता मुख्य कार्यालयात दोघांना समोर बसवून मॅडमनी फोनवर सांगितलं, "काढा." शीतगृहातल्या बाईंनी केबल काढली.

भिंतीवरच्या पडद्यावर कारखान्याचा तक्ता होता. शीतगृहासमोर एकाचे बारा झाले. तापमानाचा एक निरोप आला. धाकटे खुर्चीत मागे रेलले.

"झालं," ते म्हणाले.

"थांबा की जरा," थोरले म्हणाले. "लग्नातही तुम्हाला पंगतीत बसायची घाई झाली होती."

बाराचे तीन झाले. निरोप थांबले.

"तीन कुठून आले?" मॅडमनी विचारलं.

"यांच्याकडून," धाकटे म्हणाले. "मुख्य कार्यालय म्हणतंय, शीतगृह माहीत आहे, दोनवर आहे. बारापेक्षा तीन बरे, म्हणून माझ्या राउटरने सगळं यांच्याकडे वळवलं."

"आणि यांना शीतगृह कुठून माहीत?"

"माझ्याकडूनच, मॅडम. माझंच ऐकलेलं मलाच सांगतायत."

तिनाचे पाच झाले. थोरल्यांनी चष्मा पुसला.

"म्हणजे आपले प्रश्न कुठे जातायत?"

"यांच्याकडून माझ्याकडे, माझ्याकडून यांच्याकडे. दोघंही म्हणतात, वाट समोरच्याला ठाऊक आहे."

"घरीही असंच चालतं," थोरले म्हणाले. "कर्तृत्व कमी पडलं की आमच्याकडे बोट."

"घरातलं काढू नका, साडूभाऊ. ताई काय काय सांगतात ते मी अजून कुठे बोललो नाही."

सात. शीतगृहातल्या बाई फोनवर म्हणाल्या, "केबल परत लावू का? मला इथे थंडी वाजतेय."

"थांबा," मॅडम म्हणाल्या. मिनिट कधीच उलटलं होतं. नऊ. अकरा. मग तेराचा भाव आला, तेव्हा कुठे कारखान्याच्या राउटरला बारा स्वस्त वाटले आणि निरोप पुन्हा सुरू झाले. एकूण दोन मिनिटं आणि पन्नास सेकंद.

"परत न सांगायचा तो नियम बंद कोणाकडे होता?"

थोरल्यांनी फाइल उघडली. याच क्षणासाठी त्यांनी ती आठ महिने जपली होती. कागदाला पारदर्शक वेष्टन होतं. "माझ्याकडे. पण यांच्या लेखी मागणीवरून. वाचा. 'मी पाठवलेला प्रत्येक मार्ग जसाच्या तसा मला परत दिसावा, म्हणजे मिळाला की नाही यावर वाद राहणार नाही.' खाली सही."

धाकट्यांचा चेहरा उतरला. "हे रोज म्हणायचे, तुमच्याकडून काही येतच नाही. मला पोच हवी होती."

"पोच हवी होती, पोच दिली," थोरले म्हणाले.

मॅडमनी कागद दोनदा वाचला. मग समासात पेन्सिलने लिहिलेली ओळ वाचली. अक्षर थोरल्यांचं होतं. "ही टीप तुमचीच ना? 'असं केल्यास केबल तुटल्यावर वाट गोल फिरेल.'"

आपलं ज्ञान कागदावर नोंदवून ठेवायची सवय थोरल्यांना नोकरीच्या पहिल्या वर्षापासून होती.

"म्हणजे यांनी न कळता मागितलं आणि तुम्ही कळून दिलंत. आठ महिने. लस तिथे असताना."

"मी लेखी हुकूम पाळला."

"हे तुमचे साहेब नव्हते. नाही म्हणायला तुम्हाला कोणाचीही सही लागत नव्हती." त्यांनी कागद परत दिला नाही. "महिनाअखेरीस तुम्ही मोकळे. खुर्ची यांची. यांनाही मी शहाणे म्हणत नाहीये, एवढं लक्षात ठेवा. आता तो नियम चालू करा."

थोरले कीबोर्डपासून उठले. "ज्यांची खुर्ची, त्यांनीच करावं."

"पासवर्ड?" धाकट्यांनी बसता बसता विचारलं.

"लेखी मागा."

"सांगा," मॅडम म्हणाल्या.

थोरल्यांनी खिडकीकडे बघत एकेक अक्षर सांगितलं. मध्ये 'बायकोच्या जन्माचं साल' एवढंच म्हणाले. धाकट्यांना ते सांगावं लागलं नाही, पुढच्या अक्षरापाशी ते आधीच येऊन थांबले होते. नियम चालू झाला. बाईंनी केबल लावली, पुन्हा काढली. एकाचे बारा झाले आणि बाराच राहिले. निरोप मिनिटाच्या आत सुरू झाले.

"आता ठीक आहे," मॅडम म्हणाल्या आणि निघून गेल्या.

थोरले तिथेच उभे होते. धाकट्यांनी स्क्रीन आपल्याकडे वळवली, हाताचा आडोसा केला आणि पासवर्ड बदलला.