वाफाळणारा ढीग

सकाळी सातला बागेच्या फाटकाशी एवढी गर्दी होती की बेकरीवाल्याला सायकल रस्त्यावरच लावावी लागली. सगळ्यांच्या माना एका कोपऱ्याकडे वळल्या होत्या. तिथे पालापाचोळा, भाज्यांची देठं आणि शेण यांचा छातीएवढा ढीग होता, आणि थंडीत त्यातून पांढरी वाफ निघत होती. भोवतीचे नऊ वाफे करपून पडले होते. हिरवागार होता तो एकच, हिरवेबाबांचा.

ढीग बेकरीवाल्याच्या थोरल्या बहिणीचा. तीस वर्षं रुग्णालयात परिचारिका होती, म्हणून सगळे तिला सिस्टर म्हणत. निवृत्त झाल्यावर ती या सामुदायिक बागेत नवशिक्यांना रासायनिक खत आणि फवारणीशिवाय भाजी पिकवायला शिकवायची. ओला कचरा, त्यावर सुका पाला, पिळलेल्या फडक्याएवढी ओल, आठवड्यातून एकदा उलथापालथ, आणि मग तीन-चार महिने दम धरायचा. दम धरणं लोकांना जड जातं. हिरवेबाबांनी नेमकं तेच हेरलं होतं. दोन महिन्यांपूर्वी ते निळ्या गाडीतून आले, एक वाफा मागून घेतला, त्यावर चैतन्यजल शिंपडलं आणि पंधरवड्यात पालकाची पानं तळहाताएवढी करून दाखवली. "जमीन बोलते, मी फक्त ऐकतो," असं ते म्हणत. जमीनही मोठी समजूतदार. गाडीतून बाटल्या उतरल्याशिवाय ती बोलायला सुरुवात करत नसे.

सिस्टरने चैतन्यजलाची बाटली विकत घेतली नाही आणि तिच्याकडे शिकणाऱ्यांनाही घेऊ दिली नाही. पुढच्याच आठवड्यात नेमके त्यांचेच वाफे करपले.

"हिच्या ढिगात मेलेलं काहीतरी पुरलंय," बाबा शांतपणे सांगत होते. "जमीन आतून पेटली आहे. धूर दिसतोय ना तुम्हाला?"

धूर सगळ्यांना दिसत होता. सिस्टर सांगत होती की ही वाफ आहे, थंडीत रोज दिसते, आत कचरा कुजतोय म्हणून ऊब आहे. पण तिचं ऐकायला कोणी थांबलं नव्हतं. ज्याचे टोमॅटो फळाला आले असताना माना टाकून पडले होते तो बसचालक फावडं घेऊन पुढे झाला. त्याने दांडा फिरवला. फटका सिस्टरच्या खांद्यावर बसला आणि हाड मोडल्याचा आवाज फाटकापर्यंत आला.

बेकरीवाला फाटकातच उभा होता. ढीग त्याने तिच्याबरोबर दहा वेळा उलथला होता. त्यातली ऊब त्याला ठाऊक होती. पण समोर सगळी रोजची गिऱ्हाइकं होती, म्हणून तो पुढे झाला नाही. लोकांनी बहिणीला केसांना धरून ढिगापर्यंत ओढत नेलं तेव्हाही तो हलला नाही. बाबांनी न्याय सांगितला: हात आत घाला, निर्दोष असेल तर गार लागेल. दोघांनी तिचा चांगला हात कोपरापर्यंत ढिगात दाबून धरला. हाड मोडताना ती ओरडली नव्हती. आता ओरडली.

त्या ओरडण्याने तो भानावर आला. वाटेतल्या दोघांना त्याने कोपराने पाडलं, बहिणीला मागे खेचलं. तिच्या हाताची कातडी लालबुंद होऊन सुटायला आली होती. फावड्याचा दुसरा फटका त्याच्या कपाळावर आला. डोळ्यात रक्त उतरलं तरी त्याने स्वतःचा हात ढिगात घातला आणि भाजून निघाल्यावरच बाहेर काढला.

"मलाही चटका बसला," तो म्हणाला. "मीही पापी का? भिजवलेलं पीठ रात्रभर ठेवलं की आतून कोमट होतं. मी रोज तुम्हाला त्याचाच पाव विकतो. डोळ्यांना न दिसणारे जीव खातात, वाढतात, त्याची ती ऊब असते. हा ढीग मोठा, म्हणून चटका मोठा."

"मग वाफे कशाने मेले?" बसचालकाने विचारलं.

ते बेकरीवाल्यालाही माहीत नव्हतं. तो मेलेल्या वाफ्यापाशी गुडघ्यावर बसला. मातीवर पांढरी पापडी धरली होती. त्याने तुकडा जिभेला लावला आणि थुंकला. पिठात मीठ जास्त पडलं तर चवीवरून ओळखणारी ती जीभ होती. त्याने दुसरा तुकडा बसचालकापुढे धरला.

"चाख."

बसचालकाने चाखलं. "खारट," तो म्हणाला आणि त्याने फावडं खाली टाकलं.

मीठ मुळांतलं पाणी ओढून घेतं, झाड उभ्याउभ्या सुकतं. मीठ न पडलेला वाफा एकच होता, बाबांचा. लोकांनी त्यांच्या निळ्या गाडीचं कुलूप फोडलं तेव्हा आत मिठाच्या चार गोण्या निघाल्या, दोन रिकाम्या. शेजारी युरियाचं अर्धं पोतं आणि पाण्याचं पिंप होतं. युरिया पाण्यात ढवळला की झालं चैतन्यजल. पंधरवड्यात पानं फुगवणारी जादू तीच, दुकानात मिळणारं रासायनिक खत.

मग तीच गर्दी बाबांवर धावली. एकाने त्यांना पाडलं, दुसऱ्याने तोंडावर लाथ मारली, दात मातीत पडले. बसचालकाने तेच फावडं पुन्हा उचललं. सिस्टर जमिनीवर बसल्या जागेवरून भावाला म्हणाली, "अडव त्याला." बेकरीवाल्याने दांडा हवेतच पकडला.

"मघाशी तुम्हाला पुरावा लागला नाही," सिस्टर सगळ्यांना म्हणाली. तिला श्वास पुरत नव्हता. "आता हातात आहे, तर तो पोलिसांना द्या. याला मारून तुम्ही शहाणे होणार नाही."

रुग्णालयात तिने पोलिसांना सगळं सांगितलं. बाबांचं नाव घेतलं, बसचालकाचं घेतलं, हात दाबणाऱ्या दोघांचंही. भाऊ पलंगाशी बसला होता. "आणि हा फाटकात उभा होता," ती म्हणाली. "बराच वेळ." ते खोटं नव्हतं.

तिच्या भाजलेल्या हाताची दोन बोटं आता मिटत नाहीत. बाग पाण्याने पुन्हा पुन्हा धुऊन मीठ खाली उतरवायला अख्खा हंगाम गेला. रविवारी नवे लोक शिकायला येतात तेव्हा बेकरीवाला ढिगात लोखंडी गज खुपसतो, काढून प्रत्येकाला हात लावून बघायला सांगतो, आणि ऊब कशाने येते ते समजावतो. त्यानंतर तो त्या सकाळी आपण किती वेळ गप्प होतो तेही सांगतो, न चुकता. मग म्हणतो: कोणी चमत्कार दाखवला की माती चाखा, गाडीत काय आहे ते बघा, कसं झालं ते विचारा. आणि खरं ठाऊक असेल तर पहिला फटका पडायच्या आत बोला.